शिळ्या ब्रेडचा पाहुणचार

केक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? क्रीमची गुलाबी फुलं काढलेला, वाढदिवसाला बेकरीतून आणायचा केक. घरी करायचा तर मैदा हवा, अंडी हवीत, बेकिंग पावडर हवी. शिवाय फुगेल की बसेल ही धाकधूक वेगळीच! पण मैत्रिणींनो, स्वीडनमध्ये घरोघरी होणारा सफरचंदाचा एक जुना केक असा आहे, की त्याला यातलं काहीच लागत नाही. लागतो तो शिळा ब्रेड.

गेल्या वर्षी भाचीच्या बाळंतपणासाठी सप्टेंबरात मी दीड महिना माल्मोला होते. स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने प्रांत आहे, त्यातलं हे मोठं शहर. हा प्रांत सफरचंदांचा. इथल्या किविक गावाची सफरचंदांची जत्रा प्रसिद्ध आहे. तिथे हजारो सफरचंदं मांडून भलंमोठं चित्र तयार करतात. या दिवसांत अंगणातल्या झाडांना इतकी फळं येतात, की लोक ती पेट्यांत भरून फाटकाबाहेर ठेवून देतात. ज्याला हवी त्याने न्यावीत.

नोकरी सोडून नवऱ्याबरोबर गेलेली माझी भाची पहिलं वर्ष तिथे अगदी एकटी पडली होती. भाषा येत नाही, दिवसभर घरात बोलायला कुणी नाही. एके दिवशी शेजारच्या आजींनी सफरचंदांची पिशवी तिच्या दाराला अडकवली. ही आभार मानायला गेली, तर आजींनी तिला थेट स्वयंपाकघरातच नेलं. एकीने सालं काढली, दुसरीने फोडी केल्या. शब्द फारसे लागलेच नाहीत. मी गेले तेव्हा त्याच आजींनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत मलाही हा केक शिकवला. केकला स्वीडिशमध्ये ‘काका’ म्हणतात, म्हणून हा ‘एप्पलकाका’. आम्ही मावशी-भाची किती हसलो असू!

कृती अगदी सोपी. आंबटगोड सफरचंदं सहा, ब्रेडचा चुरा दोन वाट्या, लोणी १०० ग्रॅम, साखर पाऊण वाटी, दालचिनीची पूड एक चमचा. स्कोनेमध्ये राय धान्याच्या काळसर ब्रेडचा चुराही घेतात. सफरचंदं सोलून पातळ फोडी करायच्या. लोण्यात चुरा आणि निम्मी साखर घालून सोनेरी, खमंग परतायचं. भांड्याला लोणी लावून एक थर फोडींचा, त्यावर साखर-दालचिनी, मग एक थर चुऱ्याचा, असं रचत जायचं. वरचा थर चुऱ्याचाच हवा. २०० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजलं, की फोडी मऊ होतात. गरम केकवर गार व्हॅनिला सॉस घालून खायचं. आपल्याकडचं पातळ कस्टर्डही चालेल.

ओव्हन नसेल तर? फोडी थोड्या साखरेत मऊ शिजवा, गार करा आणि काचेच्या वाटीत त्यांचे आणि परतलेल्या चुऱ्याचे थर द्या. वर फेटलेली साय घाला. शेजारच्या डेन्मार्कमध्ये हा केक असाच, न भाजता करतात.

मला मात्र चवीपेक्षा एक गोष्ट जास्त भावली. बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना नेहमी विचारते, “काल रात्री काय जेवलात?” उत्तर ठरलेलं, “उरलं होतं ते.” ताजं सगळ्यांना आणि शिळं घरच्या बाईला, हा आपला अलिखित नियम! आपणही शिळ्या पोळीचा लाडू करतो, कुस्करा करतो, पण पाहुणे आले की तो लपवतो. आजींच्या टेबलावर मात्र शिळा ब्रेड आणि झाडाखाली पडलेली, डागाळलेली फळं मधोमध, छान भांड्यात मांडलेली होती. पहिला वाढा पाहुण्यांना आणि तेवढाच आजींनी स्वतःलाही घेतला.

काटकसर ही काही लपवायची गोष्ट नाही, ती बाईची हुशारी आहे. तेव्हा ब्रेड उरला तर हा केक जरूर करा. फक्त एक करा, तो सगळ्यांच्या ताटात सारखा वाढा.