हिरा : खाणीतला आणि प्रयोगशाळेतला

सराफाच्या दुकानात आता दोन अंगठ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसू शकतात. दोन्हींतले हिरे सारख्याच वजनाचे, सारखेच स्वच्छ, पैलूही सारखेच. किंमत मात्र एकीची दुसरीच्या कित्येक पट. महाग अंगठीतला हिरा खाणीतून आलेला असतो आणि स्वस्त अंगठीतला प्रयोगशाळेत वाढवलेला. कार्बनची अपरूपे शिकवताना हा विषय निघाला, की एखादा विद्यार्थी विचारतोच, "मग स्वस्तातला हिरा खोटाच ना?" या प्रश्नाला 'हो' म्हणणे चूक आहे आणि नुसते 'नाही' म्हणणे अपुरे आहे. पुरे उत्तर द्यायचे तर रसायनशास्त्र, भूशास्त्र आणि थोडे अर्थशास्त्र अशा तिन्ही दारांतून जावे लागते.

खोटा कोणता, कृत्रिम कोणता?

हिरा म्हणजे कार्बन, ही गोष्ट हिरा जाळल्यामुळे कळली. १७७२ मध्ये फ्रान्समध्ये लाव्हाझिए याने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला. पुढे १७९७ मध्ये इंग्लंडमध्ये स्मिथसन टेनंट याने दाखवून दिले, की हिरा आणि कोळसा सारख्याच वजनाचे घेऊन जाळले तर सारखाच कार्बन डायऑक्साइड मिळतो. हिऱ्यात कार्बनशिवाय दुसरे काही नाही, हे यावरून ठरले. अणूंची मांडणी कळायला मात्र १९१३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ती उलगडली. हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधांनी जोडलेला असतो. हे चार शेजारी चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर असतात आणि हीच मांडणी सर्व दिशांना पुढे जात राहते. ग्रॅफाइटमध्ये तेच अणू थराथरांनी बसलेले असतात. थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून पेन्सिल कागदावर उमटते आणि हिरा काच कापतो.

आता तीन प्रकारचे खडे वेगळे ओळखू. बाजारात ज्याला 'अमेरिकन डायमंड' म्हणतात, त्यात कार्बन नसतोच. तो झिर्कोनियम ऑक्साइडचा स्फटिक. तो हिऱ्यासारखा चमकतो, पण त्याच आकाराच्या हिऱ्याच्या दीडपटीहून जड भरतो आणि हिऱ्यापेक्षा बराच मऊ असतो. हा नकली हिरा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यात मात्र कार्बनचीच तीच मांडणी असते. घनता ३.५२, अपवर्तनांक २.४२, मोहच्या मापावर काठिण्य १०, उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पाचपट. खाणीतल्या हिऱ्याचे आकडेही हेच. सराफाकडे खड्याला टोक टेकवून पाहायचे जे लहान यंत्र असते, ते उष्णता किती वेगाने वाहते एवढेच पाहते. नकली खडा ते बहुधा पकडते, पण खाणीतला आणि प्रयोगशाळेतला या दोघांना ते हिराच म्हणते आणि त्यात त्याची चूक नाही. तेव्हा 'कृत्रिम' आणि 'नकली' हे शब्द एका अर्थाने वापरू नयेत, ही पहिली गोष्ट विद्यार्थ्यांना सांगायला हवी.

जमिनीखालची भट्टी

नैसर्गिक हिरे बहुतांशी पृथ्वीच्या प्रावरणात, सुमारे १५० ते २०० किलोमीटर खोलीवर तयार झाले. तेथे दाब आपल्या वातावरणाच्या ४५ ते ६० हजार पट आणि तापमान ९०० ते १,३०० अंश सेल्सिअस असते. बहुतेक हिऱ्यांचे वय १०० कोटी वर्षांहून अधिक आहे. काही तर ३०० कोटी वर्षांच्याही पलीकडचे आहेत. पृथ्वीच्या पोटातून उसळून येणाऱ्या एका खास प्रकारच्या लाव्हाने ते वर आणले. हा प्रवास झपाट्याने झाला म्हणून हिरे वाचले. दाब कमी होऊनही तापमान दीर्घकाळ चढेच राहिले असते, तर त्यांचे ग्रॅफाइट झाले असते. हा लाव्हा थिजून उभ्या नळीसारखे खडक बनतात. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ली गावावरून त्यांतल्या मुख्य खडकाला किंबर्लाइट म्हणतात. आपल्याकडे मध्य प्रदेशात पन्नाजवळ मझगवाँ येथे अशाच एका नळीवर हिऱ्यांची खाण आहे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, तोपर्यंत जगाला हिरे पुरवणारा मुख्य देश भारतच होता.

हिरे दुर्मीळ म्हणजे किती? अनेक खाणींत एक टन खडक फोडल्यावर जेमतेम एखादा कॅरट हिरा हाती लागतो. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. म्हणजे ५० लाख भागांत एक भाग! बाकीचा सगळा खडक खणायचा, फोडायचा आणि टाकून द्यायचा.

प्रयोगशाळेतल्या दोन वाटा

पहिली वाट निसर्गाचे अनुकरण करण्याची. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत डिसेंबर १९५४ मध्ये ट्रेसी हॉल यांना प्रचंड दाबाखाली हिऱ्याचे कण मिळाले आणि १९५५ मध्ये ही बातमी जाहीर झाली. स्वीडनमधील आसिया कंपनीने १९५३ मध्येच हिरे बनवले होते, पण त्या वेळी ते गुप्त ठेवले. या पद्धतीत एका लहानशा कोठडीत एका टोकाला ग्रॅफाइट, मधे लोखंड-निकेलसारखा वितळलेला धातू आणि दुसऱ्या, किंचित थंड टोकाला हिऱ्याचे छोटे 'बीज' ठेवतात. दाब सुमारे ५० ते ६० हजार वातावरणांचा, तापमान १,३०० ते १,६०० अंश. कार्बन धातूत विरघळतो आणि थंड टोकाकडे जाऊन बीजावर बसतो. खडीसाखर बनताना पाकातल्या दोऱ्यावर साखर जमते, त्याच जातीची ही क्रिया.

दुसरी वाट अधिक नवलाची. येथे दाब वातावरणापेक्षाही कमी असतो. निर्वात केलेल्या पात्रात हायड्रोजन आणि थोडासा मिथेन सोडतात आणि सूक्ष्मलहरींनी त्याचा प्लाझ्मा करतात. मिथेनमधला कार्बन सुटून सुमारे ८०० ते १,००० अंशांवर ठेवलेल्या हिऱ्याच्या पातळ चकत्यांवर थराथराने बसतो. कमी दाबाला तर ग्रॅफाइट अधिक स्थिर, मग हिरा का बनतो? त्याचे श्रेय हायड्रोजनच्या सुट्या अणूंना जाते. ग्रॅफाइटच्या पद्धतीने बसू पाहणारा कार्बन ते खरवडून काढतात. हिऱ्याच्या पद्धतीने बसलेला कार्बन मात्र बराचसा टिकतो. वाढीचा वेग ताशी १० मायक्रॉन धरला, तर ५ मिलिमीटर जाडीला ५०० तास, म्हणजे जवळजवळ २१ दिवस लागतात. भारतात दागिन्यांसाठीचे हिरे मुख्यतः याच पद्धतीने वाढवले जातात, तर चीनमध्ये दाबाची पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते.

नायट्रोजनचे घड्याळ

एक हिरा २१ दिवसांचा, दुसरा १०० कोटी वर्षांचा. एवढा फरक कोठेतरी उमटला पाहिजे. तो उमटतो, पण कार्बनमध्ये नव्हे, तर त्यात अडकलेल्या नायट्रोजनमध्ये.

हिरा वाढताना काही कार्बन अणूंच्या जागी नायट्रोजनचे अणू सापडतात. सुरुवातीला ते एकेकटे, विखुरलेले असतात. प्रावरणाच्या उष्णतेत ते अतिशय मंद गतीने जागा बदलतात. बऱ्याच काळाने दोन अणू शेजारी येतात आणि जोडी जमते. त्याहून कितीतरी अधिक काळ गेला, की चार नायट्रोजन अणू एका रिकाम्या जागेभोवती गोळा होतात. एकटा अणू, जोडी आणि चौकडी हे तिघे अवरक्त किरण वेगवेगळ्या ठिकाणी शोषतात. म्हणून वर्णपट पाहिला, की हिऱ्याने किती काळ शेक घेतला याचा अंदाज येतो. बहुसंख्य नैसर्गिक हिऱ्यांत जोड्या आणि चौकड्या आढळतात. दाबाच्या पद्धतीने बनवलेल्या पिवळ्या हिऱ्यांत नायट्रोजन एकेकटा असतो, तर वायूपासून वाढवलेल्या हिऱ्यांत तो जवळजवळ नसतोच.

मग नायट्रोजन दिसला नाही म्हणजे हिरा प्रयोगशाळेतला, असे म्हणावे का? नाही. सुमारे एक ते दोन टक्के नैसर्गिक हिऱ्यांतही तो नगण्य असतो. म्हणून तपासणीचे यंत्र अशा खड्याला 'कृत्रिम' ठरवत नाही. 'पुढे तपासा' एवढेच सांगते. मग अतिनील किरणांत तो कसा उजळतो हे पाहतात. वायूपासून वाढलेल्या हिऱ्यात थरांच्या रेघा दिसतात, दाबाखाली बनलेल्यात बीजाभोवतीच्या वाढीची वेगळी नक्षी दिसते, कधी धातूचा कणही सापडतो. संशय आणि पुरावा यांत फरक कसा करायचा, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दोन्ही बाजूंचा हिशेब

पदार्थ एक असेल, तर बरे-वाईट कशात शोधायचे? खड्याच्या बाहेर.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याची पहिली जमेची बाजू म्हणजे डोंगर खणावा लागत नाही. दुसरी, हिरा कोठून आला हे सांगता येते. १९९१ ते २००२ या काळात सिएरा लिओनमधील यादवीत बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रे घेतली. अशा हिऱ्यांना आळा घालण्यासाठी २००३ मध्ये किंबर्ली प्रक्रिया ही प्रमाणपत्राची पद्धत सुरू झाली. पण तिची व्याख्या बंडखोरांपुरतीच आहे. खाणीतल्या मजुराची पिळवणूक तिच्यात बसत नाही. तिसरी बाजू विज्ञानाची. हवा तेवढा शुद्ध स्फटिक बनवता येत असल्याने इलेक्ट्रॉनिक उपकरणांची उष्णता वाहून नेण्यासाठी आणि सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे मोजण्यासाठी हिरा वापरता येऊ लागला. खडक आणि फरशी कापणाऱ्या हत्यारांत तर आज जवळजवळ सगळा हिरा कृत्रिमच असतो.

खर्चाच्या बाजूला पहिली नोंद विजेची. दाबयंत्र असो वा प्लाझ्मा, यंत्र दिवसरात्र चालते. आपली दोन-तृतीयांशाहून अधिक वीज कोळशावर तयार होते. तेव्हा 'पर्यावरणाला पोषक हिरा' अशी जाहिरात दिसली, तर वीज कोठून आली हे विचारल्याशिवाय ती मान्य करू नये. दुसरी नोंद किमतीची. खाणीला मर्यादा असते, यंत्रांना नसते. २०१६ च्या सुमारास प्रयोगशाळेतला हिरा थोडासाच स्वस्त होता. २०२४ पर्यंत तो बहुधा खाणीतल्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी किमतीला मिळू लागला. डी बिअर्स या खाण कंपनीने २०१८ मध्ये कॅरटला ८०० डॉलर भावाने असे हिरे विकायला काढले आणि २०२५ मध्ये तो व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. ॲल्युमिनियमची गोष्ट आठवा. १८८६ मध्ये विद्युत अपघटनाची पद्धत सापडण्यापूर्वी तो मौल्यवान धातू होता. नंतर त्याची भांडी झाली. दागिना हौसेने घालायचा असेल तर स्वस्ताई चांगलीच. पण अडीअडचणीला मोडता येईल म्हणून कोणी प्रयोगशाळेतला हिरा घेत असेल, तर त्याला सावध करायला हवे. खाणीतला हिराही विकायला गेल्यावर खरेदीच्या भावाने जात नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

तिसरी नोंद माणसांची, आणि ती सर्वांत अवघड. बोट्स्वाना हा देश १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा अतिशय गरीब होता. १९६७ मध्ये तेथे ओरापा येथे हिरे सापडले आणि त्या पैशातून रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले. मागणी घसरली की त्या देशाच्या तिजोरीलाच ओहोटी लागते. इकडे जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू पाडणारे सुरत शहर आहे. तेथील बहुतेक कारागिरांना नगावर मजुरी मिळते. अलीकडच्या मंदीचे कारण एकच नाही; रशियन हिऱ्यांवरचे निर्बंध आणि परदेशातली घटलेली मागणी हीही कारणे आहेत. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यालाही पैलू पाडावेच लागतात, त्यामुळे काहींना त्यातून कामही मिळाले. पण खडा स्वस्त झाला, की त्यावरची मजुरी किती उरते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

चौथी गोष्ट विश्वासाची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०१८ मध्ये हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द काढला. पण प्रयोगशाळेतला हिरा विकताना तसे स्पष्ट सांगण्याचे बंधन कायम ठेवले. यातला न्याय समजण्यासारखा आहे. प्रयोगशाळेतला हिरा खोटा नाही. तो खाणीतला म्हणून विकला, तर ते सांगणे खोटे ठरते. राईएवढ्या हिऱ्यांच्या पुडीत दोन्ही मिसळले, तर डोळ्यांनी ते निवडता येत नाहीत. म्हणून बिलावर काय लिहिले आहे ते वाचावे आणि मोठ्या खड्याचे प्रमाणपत्र मागावे.

वर्गासाठी

काही गोष्टी वर्गात करून पाहता येतील. मातीच्या गोळ्या आणि काड्या घेऊन हिऱ्याची व ग्रॅफाइटची रचना बनवा आणि कोणती सहज सरकते ते पाहा. अमेरिकन डायमंडचे डझनभर मोठे खडे एकत्र घेऊन आर्किमिडीजच्या तत्त्वाने त्यांची घनता काढा आणि ३.५२ शी ताडून पाहा. वर दिलेल्या वेगाने २ मिलिमीटर जाडीचा हिरा किती दिवसांत वाढेल, याचे गणित घाला. मोठ्या विद्यार्थ्यांचे दोन गट करून एकाला बोट्स्वानाच्या अर्थमंत्र्याची आणि दुसऱ्याला सुरतेच्या कारागिराची बाजू मांडायला सांगा. शेवटी गिऱ्हाइकाची बाजू सर्वांनी मिळून मांडावी.

'खरा की खोटा' या प्रश्नाचे उत्तर भिंगाखाली आणि वर्णपटात मिळते. 'कोणता घ्यावा' याचे उत्तर तेथे मिळत नाही. ते वीज, जमीन, मजुरी आणि आपली गरज यांचा हिशेब मांडूनच काढावे लागते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढे जरी विद्यार्थ्यांच्या लक्षात आले, तरी हिऱ्याचा हा तास सत्कारणी लागला म्हणायचा.