जीवनसत्त्वे, पूरके आणि पौरुषग्रंथी

साठी ओलांडलेला पुरुष औषधालयात येतो आणि संकोचाने 'प्रोस्टेटसाठी काही शक्तीचे द्या' अशी मागणी करतो, हा अनुभव आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. अनेकदा त्याच्या हाती ई जीवनसत्त्वाची 400 युनिटची कॅप्सूल पडते. 'गुण आला नाही तरी अपाय नाही' हा त्यामागील समज आता सोडून द्यावयास हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या समजास एके काळी आधार होता. फिनलंडमधील 29,133 धूम्रपानी पुरुषांच्या अभ्यासात, अल्प मात्रेत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत पौरुषग्रंथीचा कर्करोग कमी आढळल्याचे 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची खातरजमा करण्यासाठी 2001 मध्ये अमेरिकेत 'सिलेक्ट' हा 35,000हून अधिक पुरुषांचा अभ्यास सुरू झाला. ई जीवनसत्त्वाची दैनिक मात्रा 400 युनिट, तर सेलेनियमची 200 मायक्रोग्रॅम होती. लाभ दिसेना, म्हणून 2008 मध्ये ही पूरके थांबविण्यात आली. पुढे 2011 मध्ये निष्पन्न झाले ते अधिक गंभीर होते: केवळ ई जीवनसत्त्व घेतलेल्यांत हा कर्करोग 17 टक्क्यांनी अधिक आढळला.

वनस्पतिजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या 'सॉ पामेटो'चीही हीच कथा. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत देऊनही मूत्रविकाराच्या लक्षणांवर ती औषधहीन गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील वाताष्ठीलेचे वर्णन आजच्या ग्रंथिवृद्धीशी बरेच जुळते. प्रकारभेद जाणल्यावाचून चिकित्सा नाही, हा त्यातील बोध आहे. म्हणून गोक्षुरादि गुग्गुळ वा चंद्रप्रभा वटी देतानाही आधी निदान आवश्यक आहे. आपल्या कल्पांना कसोटी माफ आहे, असे आपण मानू नये.

वैद्यबंधूंना आणि औषधालयचालकांना आमची विनंती एवढीच की, मूत्रातून रक्त जाणे, मूत्र अडणे, अकारण वजन घटणे किंवा कंबरेच्या हाडांत सतत वेदना होणे, यांपैकी काही असल्यास पूरक न देता रुग्णास मूत्ररोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय, हेही विचारावे. ई जीवनसत्त्वाच्या अधिक मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. एका बाटलीच्या विक्रीपेक्षा निदानाविना गेलेले सहा महिने रुग्णास फार महाग पडतात.