शिरेवर शीर चढत नाही : मालिश करणाऱ्यांसाठी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला जांभ्याचा सडा अशा भूमीवर वसलेल्या हेदवीत माणसाच्या पायांना सपाटीचे सुख फारसे लाभत नाही. दशभुज गणेशाच्या टेकडीवरल्या देवळापासून खाली किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या मंदिरापर्यंत आणि त्याच्या निकटच्या बामणघळीपर्यंत जायचे म्हटले तरी चढउतार आलाच, मग डोक्यावर आंब्याची पेटी असली तर विचारायलाच नको. दिवस मावळल्यावर खोबरेल कोमट करून अंग चोळून देणारा अनुभवी हात हा आपल्या कोकणात पूर्वापार मोठा आधार आहे, आणि त्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु त्या हाताबरोबर वारशाने चालत आलेले काही समज वस्तुस्थितीला धरून नाहीत, आणि ज्याच्या स्वाधीन दुसऱ्याचे शरीर विश्वासाने केले जाते त्याने ते तपासून घेणे अगत्याचे आहे.

सर्वांत रूढ समज असा की, रात्री पोटरीत गोळा आला म्हणजे शिरेवर शीर चढलेली असते आणि ती रगडून उतरवावी लागते. वास्तविक रक्त वाहणारी नीला काय किंवा हुकूम पोहोचवणारा मज्जातंतू काय, दोन्ही आपापल्या जागी ऊतींनी जखडलेली असतात. एकीने दुसरीवर चढण्याची मुभा शरीररचनेने ठेवलेलीच नाही. स्नायूच्या तंतूंत ॲक्टिन आणि मायोसिन असे दोन प्रकारचे सूक्ष्म धागे असून ते एकमेकांत सरकल्याने स्नायू आखूड होतो, असा सिद्धांत 1954 साली अँड्र्यू हक्सली आणि ह्यू हक्सली या दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या सहकाऱ्यांसह स्वतंत्रपणे मांडला. गोळा येतो तेव्हा हेच आखडणे आपल्या इच्छेविरुद्ध घडते आणि सुटत नाही, एवढाच प्रकार. इलाजही त्यातूनच निघतो: गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे हलकेच नडगीकडे ओढावीत आणि स्नायू सैल पडेपर्यंत धरून ठेवावीत.

पोटरीच्या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे, कारण हाताखाली एकच मांसल गोळा लागला तरी तेथे मुख्यतः दोन स्नायू आहेत. वरचा गॅस्ट्रोक्निमियस मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून, म्हणजे गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्याखाली दडलेला सोलियस गुडघ्याच्या खालच्या हाडांपासून निघतो. आणि दोघे मिळून एकाच जाड कंडरेने टाचेच्या हाडाला बिलगतात. म्हणून गुडघा सरळ असताना पाऊल वर वळवले तर ताण वरच्या स्नायूवर पडतो, आणि गुडघा दुमडून तसेच केले तर वरचा सैल सुटून ताण खालच्यावर उरतो. तक्रार कोणाची आहे हे या एवढ्याशा हालचालीने पुष्कळदा कळते, आणि माझ्या मते तेलाला हात लावण्यापूर्वी ती करून पाहणे हा या विद्येचा पहिला धडा असावा.

दुसरा समज असा की, श्रमानंतर अंग ठणकते ते साचलेल्या लॅक्टिक आम्लाने, आणि मालिशने ते आम्ल निचरून जाते. श्रमात वाढलेले लॅक्टेट विश्रांती मिळताच सुमारे तासाभरात ओसरते, आणि ठणका तर एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचतो. तेव्हा त्याचा दोष लॅक्टेटवर ठेवता येत नाही. सड्यावरून ओझे घेऊन उतरताना मांडीचा पुढचा स्नायू भार पेलत पेलत लांबत असतो, उतारावरील गाडीच्या ब्रेकसारखा, आणि अशा कामात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणून चढणीपेक्षा उतरणीचा ठणका अधिक. मालिशने तो काहीसा कमी जाणवतो, हे मात्र खरे.

जितका जोर अधिक तितका गुण अधिक, हाही भ्रमच. वेदना वाढली की स्नायू आत्मरक्षणार्थ अधिकच आवळतो. गुडघ्याच्या मागील खळग्यात तर रोहिणी, नीला आणि मज्जातंतू मऊ मेदात जवळजवळ असतात. तेथे अंगठा रुतवू नये. शिवाय दुखते तेथेच दोष असतो असेही नाही: कंबरेत दबलेला मज्जातंतू पोटरीत कळ उठवू शकतो, आणि ती पोटरी कितीही चोळली तरी मूळ कारण जागच्या जागीच राहते.

हे ज्ञान परकीय म्हणून दूर सारण्याचे कारण नाही. सुश्रुताने शव वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून मग एकेक थर घासून अवयव प्रत्यक्ष पाहण्याची तजवीज सांगितली आहे. ग्रंथ आणि डोळा या दोहोंची साक्ष त्याला हवी होती.

बाळंतिणीला मालिश करणाऱ्यांना एक विनंती विशेष आग्रहाने करतो. गरोदरपणात आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे पायाच्या खोल नीलांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एकच पाय सुजलेला, गरम किंवा लालसर दिसला आणि पोटरी दुखत असली, तर त्या पायाला तेलाचा हात लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि श्वास लागत असला किंवा छातीत दुखत असले तर क्षणाचाही विलंब करू नये.