कोऱ्या रोलच्या कडा काय सांगतात?

प्रयोग केला आणि काहीच आलं नाही. जेलवर बँड नाही, ग्राफवर पीक नाही. अशा वेळी तुम्ही वहीत काय लिहाल? 'नमुन्यात ती गोष्ट नाही' असं, की 'प्रयोग फसला' असं? संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पहिल्या वर्षातच गाठतो. मला त्याचं उत्तर घरच्या बाथरूममध्ये एक रोल धुताना मिळालं, म्हणून आज आधी डोंगरात जाऊ आणि मग लॅबमध्ये परत येऊ.

सप्टेंबरमध्ये आम्ही पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. सकाळी कोकणकड्यावर पोचलो तर खालची दरी धुक्याने भरलेली आणि पाठीमागून ऊन. अशा वेळी समोरच्या धुक्यावर इंद्रवज्र दिसू शकतं: गोल इंद्रधनुष्य, आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. ते दिसलं! माझ्याकडे जुना फिल्म कॅमेरा आणि ३६ फोटोंचा ब्लॅक अँड व्हाइट रोल. धडाधड फोटो काढले. लीव्हर अडतिसाव्या फोटोनंतरही खुशाल फिरत होता. मला वाटलं, वा, दोन जास्त मिळाले.

घरी येऊन रोल धुतला. टँकमधून बाहेर काढला तर पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा.

इथे थोडं रसायनशास्त्र. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की त्या कणांत अगदी सूक्ष्म बदल होतो, डोळ्याला न दिसणारा. त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात. डेव्हलपर त्या बदललेल्या कणांची धातुरूप चांदी करतो, ती काळी दिसते. फिक्सर उरलेले क्षार विरघळवून टाकतो, म्हणजे फिल्म पुन्हा प्रकाशात आणता येते. या साखळीत वेगवेगळ्या ठिकाणी गडबड झाली तरी शेवटी हातात तीच कोरी पट्टी येऊ शकते. कोरेपणाला स्वतःचं असं कारण नसतं.

पण मला कारण लगेच 'सापडलं': डेव्हलपर खराब. जवळजवळ लिटरभर डेव्हलपर टाकून दिला. पुढच्या रोलला नवा डेव्हलपर घेतला, पाण्याचं तापमान नीट २० अंशांवर आणलं, वेळही दोन मिनिटं वाढवली. रोल छान आला. म्हणजे माझं निदान बरोबर, नाही का?

आमच्या गल्लीत एक काका पूर्वी फोटो स्टुडिओ चालवायचे. त्यांना मोठ्या ऐटीत ही गोष्ट सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, कडेला अक्षरं आली होती का?"

कोरी पट्टी घरात होतीच. उजेडात धरली. दोन्ही कडांना फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे, अगदी ठळक काळे.

ही अक्षरं कारखान्यातच प्रकाशाने फिल्मवर उमटवलेली असतात. तीही सुप्त प्रतिमाच. डेव्हलपर चालला तरच ती दिसतात. म्हणजे माझा डेव्हलपर ठणठणीत होता! रोल धुण्यात चूक नव्हतीच. फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या स्पूलमध्ये नीट अडकलं नव्हतं, त्यामुळे फिल्म जागची हललीच नाही. अडतिसाव्या फोटोनंतरही फिरणारा लीव्हर तेच ओरडून सांगत होता.

दुसरा रोल चांगला आला तो कॅमेऱ्यात नीट भरला गेला म्हणून. पण मी एकदम तीन गोष्टी बदलल्या होत्या, आणि चौथी नकळत बदलली होती. यश मिळालं, त्यातून कळलं काहीच नाही.

काकांनी मग निदानाची रीत सांगितली. ती वहीत उतरवून ठेवा:

• अक्षरं ठळक, फ्रेम कोऱ्या: धुणं बरोबर. फिल्मवर प्रकाशच पडलेला नाही. चूक कॅमेऱ्यात शोधा.
• अक्षरं ठळक, फ्रेम फिकट: प्रकाश कमी पडला. धुक्यात हे हमखास होतं. कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्या धुक्यालाही मध्यम करडं समजतो आणि प्रकाश कमी द्यायला सांगतो. तिथे मीटरपेक्षा एक स्टॉप जास्त द्यावा.
• अक्षरं फिकट, फ्रेमही फिकट: डेव्हलपिंग कमी झालं. वेळ, तापमान आणि डेव्हलपरचं वय तपासा.
• अक्षरंच नाहीत, फिल्म आरपार स्वच्छ: डेव्हलपर मेलेला, किंवा फिक्सर आधी ओतला गेला.

आता लॅबमध्ये या. त्याच सुमारास मी १२ नमुन्यांमध्ये एक जीन शोधत होते. पीसीआर केलं, जेलवर चालवलं. बाराही रकाने कोरे. बाजूची लॅडर मात्र सुरेख दिसत होती. प्रगती अहवालात 'जीन आढळला नाही' असं वाक्य टाइप करूनही झालं होतं. काकांकडून आल्यावर ते वाक्य मला झोपू देईना.

लॅडर म्हणजे ठरावीक लांबीच्या डीएनएचं तयार मिश्रण. ते थेट जेलमध्ये घालतात. ती दिसली म्हणजे जेल, करंट आणि रंग यांनी काम केलं, एवढंच सिद्ध होतं. पीसीआरच्या ट्यूबमध्ये ती गेलेलीच नसते. म्हणजे ती माझ्या रोलच्या कडेची अक्षरं झाली: धुणं बरोबर, कॅमेऱ्याबद्दल मौन.

लक्षात ठेवायची गोष्ट ही: कंट्रोल ज्या टप्प्यांतून गेला, तेवढ्याच टप्प्यांची ग्वाही देतो.

मग मी पॉझिटिव्ह कंट्रोल लावला, म्हणजे ज्यात तो जीन नक्की आहे असा डीएनए. त्याचाही रकाना कोरा! प्रायमर मी चुकीच्या प्रमाणात पातळ केला होता. नवा प्रायमर तयार केला, बाकी काहीही बदललं नाही, आणि बारापैकी पाच नमुन्यांत बँड आला. ते वाक्य तसंच गेलं असतं तर पुढचं वर्षभराचं काम चुकीच्या पायावर उभं राहिलं असतं. उरलेल्या सात नमुन्यांनाही 'नाही' म्हणण्याआधी एक टप्पा बाकी होता. डीएनए काढताना आलेली एखादी अशुद्धी अभिक्रिया अडवत असेल तर? म्हणून त्या नमुन्यांतच थोडा पॉझिटिव्ह डीएनए मिसळून पाहिला. तेव्हा बँड आला. आता कुठे 'नाही' या शब्दाला वजन आलं.

घरी रोल धुऊन हे शिकायचं असेल तर थोडा तपशील देते.

रीलवर फिल्म चढवण्याआधी पुढचं टोक कापावं लागतं. तो तुकडा फेकू नका, दोन भाग करा. एक उजेडातच डेव्हलपरमध्ये बुडवा: काही मिनिटांत काळा पडला तर डेव्हलपर जिवंत आहे. दुसरा फिक्सरमध्ये टाका आणि पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा. रोल पणाला लावण्याआधीच दोन कंट्रोल झाले, खर्च शून्य.

इल्फर्ड एचपी५ प्लस ही फिल्म आयडी-११ डेव्हलपरमध्ये २० अंश सेल्सिअसला साडेसात मिनिटं धुतात. डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळलं तर १३ मिनिटं. पाणी गरम असेल तर वेळ कमी करावी लागते, आणि पाच मिनिटांच्या आत गेलात तर फिल्मवर डाग-पट्टे येण्याची भीती. म्हणून आपल्या उन्हाळ्यात पातळ डेव्हलपर आणि जास्त वेळ हेच सोयीचं. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका. बादलीत बर्फाचं पाणी घ्या आणि त्यात डेव्हलपरची बाटली उभी करा. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरू नका. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो मोरीत ओतू नका, वेगळा साठवा.

कॅमेऱ्यासाठीही कंट्रोल हवा. रोल भरल्यावर रिवाइंडची कळ हलकेच फिरवून फिल्म ताणून घ्या. मग लीव्हर ओढताना ती कळ उलटी फिरताना दिसली पाहिजे. फिरली म्हणजे फिल्म सरकतेय. पहिल्या फ्रेमवर तारीख आणि रोल नंबर लिहिलेल्या कागदाचा फोटो घ्या. वहीत दर फ्रेमचं शटर, अपर्चर आणि उजेड लिहा, पेन्सिलने, कारण पावसात शाई पसरते.

इंद्रवज्राचा फोटो माझ्याकडे अजून नाही. पुढच्या सप्टेंबरला पुन्हा जाणार आहे.

तोवर तुमच्यासाठी एक काम. आत्ता हातात असलेल्या प्रयोगाचे सगळे टप्पे एकाखाली एक लिहून काढा. प्रत्येकासमोर लिहा, हा टप्पा फसला तर मला कशावरून कळेल? जिथे उत्तर सुचणार नाही, तिथे कंट्रोल लावायचा राहिलाय.