किनारी समुद्राची घुसमट

नारळी पौर्णिमा उलटली की कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील होड्या पुन्हा दर्यात लोटल्या जातात. नेमक्या त्याच दिवसांत या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळचा प्राणवायू संपुष्टात येत असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नैर्ऋत्य मोसमी काळात अरबी समुद्राच्या खोल थरांतील थंड पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. ते पोषकद्रव्यांनी समृद्ध, पण प्राणवायूला पारखे झालेले असते. त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचे हलके झाकण बसते आणि हवेतील प्राणवायूची खालची वाट बंद होते. वर प्लवकांचे अमाप पीक येते. ते मरून तळाशी कुजताना उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात ही अवस्था टोकाला जाते. मासे दूर पळतात; ज्यांना पळता येत नाही ते तळचे जीव गुदमरतात.

हे चक्र मुळात निसर्गाचे. तथापि त्यात माणसाने भर घातली आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली या बिघाडाच्या वाढत्या तीव्रतेकडे लक्ष वेधले व शेतांतून वाहून येणाऱ्या नत्राकडे संशयाचे बोट दाखविले. शहरांचे सांडपाणीही तेच खाद्य प्लवकांना पुरविते.

आता तिसरा घटक पुढे आला आहे, तो तापमानवाढीचा. उष्ण पाण्यात वायू कमी विरघळतो. तापलेला वरचा थर हलका होऊन तरंगत राहतो व पाण्याची घुसळण मंदावते. उलट उष्णतेमुळे जलचरांची प्राणवायूची भूक वाढते. म्हणजे आवक घटली आणि खर्च वाढला! १९६० पासूनच्या अर्धशतकात जगातील महासागरांनी सुमारे २ टक्के प्राणवायू गमावला आहे.

मग उपाय नाहीच काय? आहे. १९९० नंतर पूर्व युरोपातील खतांचा वापर घटला, तेव्हा डॅन्यूबच्या मुखाजवळील काळ्या समुद्राचा गुदमरलेला उथळ भाग बऱ्याच अंशी सावरला. जगाची उष्णता एकट्या देशाला आवरता येणार नाही. परंतु खताची मात्रा बेताची ठेवणे आणि सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे, हे तर हातचे आहे. समुद्र सारे पोटात घेतो, ही जुनी समजूत आहे. त्याच्या पोटालाही मर्यादा आहे, आणि ती ओलांडल्याची किंमत प्रथम मोजावी लागेल ती जाळे टाकणाऱ्यालाच.