पट्ट्यावर बाईचंही नाव

पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात कोकणा, वारली, महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या नागली पिकवीत आले. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यानंतर जंगल सरकारी होत गेले आणि कसणारा अतिक्रमणदार ठरला. स्वातंत्र्य आले तरी खटले सुटले नाहीत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ रोजी आदिवासींच्या कसणुकीत असलेली वनजमीन, चार हेक्टरपर्यंत, त्यांच्या हक्काची मानली. आमच्या माता-भगिनींनी यातले एक कलम ध्यानात घ्यावे: पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. आपल्यात किती घरांच्या उताऱ्यावर बाईचे नाव आहे, हेही एकदा पाहावे. कागद नसला तर गावच्या वडीलधाऱ्याचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा धरतात. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. तिथून पुढे सरकारी कचेऱ्यांत फायली अडतात.

म्हणून मार्च २०१८ मध्ये हजारो माणसे नाशिकहून मुंबईला चालत गेली, सुमारे १८० किलोमीटर. म्हाताऱ्या बायांचे तळवे सोलले. तरी दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच चालून काढला. सरकारने सहा महिन्यांत दावे निकाली काढू असे लिहून दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये आणि मार्च २०२३ मध्ये याच मागणीसाठी पुन्हा चालत निघावे लागले.