आंदणातली मुंबई आणि तिचा डच राजा

१६७३ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या समुद्रात डचांचं आरमार दिसू लागलं. रायक्लोफ व्हान गोएन्स हा त्यांचा सेनापती, सोबत वीस-बावीस जहाजं आणि हजारभर शिपाई. डच या किनाऱ्याला नवखे नव्हते. वेंगुर्ल्याला त्यांची वखार १६३७ पासून होती आणि तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. इंग्लंड आणि नेदरलंड्सचं युद्ध पेटलेलं होतं आणि इंग्रजांच्या हाती नुकतंच आलेलं हे बेट अचानक छापा घालून घ्यायचं, असा डचांचा बेत होता. गव्हर्नर जेरल्ड आँजियरने मिळेल तो माणूस किनाऱ्यावर उभा केला. त्यात गोरे सोजीर होते, तोपाशी म्हणजे मिश्र पोर्तुगीज वंशाचे शिपाई होते आणि हातात सोटे घेतलेले तीनशे भंडारी होते. बेटावरची ही तयारी पाहून डच न लढताच निघून गेले.

आणि मग सोळा वर्षांनी, १६८९ मध्ये, त्याच डचांचा पुढारी मुंबईचा राजा झाला. मुंबईवर एक गोळाही न झाडता.

‘पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली’ हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्या लग्नाचं पुढे काय झालं, हे कुणी सांगत नाही. माझ्या मते मुंबईच्या इतिहासातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट तिथेच दडलेली आहे. ज्या राणीच्या आंदणात मुंबई आली, तिच्या पोटी मूल राहिलं नाही, म्हणून मुंबई एका डच माणसाच्या नावावर गेली.

२३ जून १६६१ चा तो करार. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगान्झा आणि इंग्लंडचा दुसरा चार्ल्स यांचं लग्न. मुंबई मिळाली ती चार्ल्सला, त्याच्या वारसांना आणि त्याच्यामागून गादीवर येणाऱ्यांना, कायमची. १६६८ मध्ये चार्ल्सने बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड सोन्याच्या भाड्याने दिलं. त्या सनदेत लंडनजवळच्या ईस्ट ग्रिनिच या राजाच्या जहागिरीचा हवाला देऊन मुंबई बहाल केलेली आहे. म्हणजे कायद्याच्या हिशेबात गिरगावच्या माडांच्या वाड्या केंट परगण्यातल्या एका गावाच्या खात्यावर जमा होत्या! कंपनी कूळ, मालक राजा. त्यामुळे लंडनच्या गादीवर कोण बसतं, या प्रश्नाचा धागा थेट इथपर्यंत येत होता.

कॅथरिनचे गर्भ टिकले नाहीत. चार्ल्सला इतर बायकांपासून मुलं भरपूर होती, पण त्यांना गादीचा हक्क नव्हता. १६८५ मध्ये तो वारला आणि राज्य भावाकडे, दुसऱ्या जेम्सकडे गेलं. जेम्स कॅथलिक, त्याच्या पहिल्या बायकोच्या दोन मुली, मेरी आणि ॲन, प्रोटेस्टंट. मेरीचं लग्न १६७७ मध्येच तिच्या आतेभावाशी झालेलं होतं. हा आतेभाऊ म्हणजे ऑरेंजचा विल्यम, डचांचा पुढारी.

‘पुढारी’ म्हणतो, कारण डचांना राजाच नव्हता. सात प्रांतांचं ते प्रजासत्ताक होतं आणि प्रत्येक प्रांत आपला स्टाटहाउडर नेमत असे. कागदावर हा माणूस प्रांताचा नोकर. पण नेमला जायचा तो बहुतेक वेळा ऑरेंज घराण्यातलाच. या घराण्याचं नावही वारशातूनच आलेलं. १५४४ मध्ये विल्यम नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला चुलतभावाकडून दक्षिण फ्रान्समधलं ऑरेंज नावाचं छोटं संस्थान मिळालं. त्याच मुलाने पुढे स्पेनविरुद्धच्या बंडाचं नेतृत्व केलं आणि १५८४ मध्ये डेल्फ्ट शहरात त्याला गोळ्या घालून मारलं. त्याच्यामागून मॉरित्स हा मुलगा, मग फ्रेडरिक हेंड्रिक हा दुसरा मुलगा, मग त्याचा मुलगा दुसरा विल्यम. वंशपरंपरा असा शब्द कायद्यात कुठेही नाही, आणि तरी पिढ्यामागून पिढ्या एकच घर. मराठी वाचकाला हे चटकन कळेल. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं दिली, १७२० मध्ये एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना, १७४० मध्ये नानासाहेबांना. दर वेळी वस्त्रं छत्रपतींच्याच हातून, आणि दर वेळी भटांच्याच घरात.

दुसरा विल्यम ६ नोव्हेंबर १६५० रोजी देवीच्या रोगाने वारला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. आठ दिवसांनी हेगमध्ये त्याच्या विधवेला मुलगा झाला. ती इंग्लंडच्या राजघराण्यातली, मुंबई मिळवणाऱ्या चार्ल्सची सख्खी बहीण, वय एकोणीस. मुलाचं नाव भावावरून चार्ल्स ठेवावं असं तिच्या मनात होतं. सासूबाईंनी, म्हणजे अमालियांनी, ठामपणे सांगितलं, नाव विल्यमच. पाळण्यातल्या त्या बाळाला पुढे पद मिळायचं असेल तर डचांच्या कानावर ओळखीचं नाव पडायला हवं, हे त्या म्हातारीला नेमकं उमगलं होतं. मग पालकत्वावरून सासू-सून कोर्टात गेल्या आणि बाळाची जबाबदारी वाटून द्यावी लागली. प्रांतांनी मात्र या गोंधळात वेगळाच निर्णय घेतला: बहुतेकांनी स्टाटहाउडरच नेमला नाही. बावीस वर्षं ती जागा रिकामी राहिली.

१६७२ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन बिशप असे सगळे एकदम तुटून पडले, तेव्हा घाबरलेल्या लोकांनी एकवीस वर्षांच्या विल्यमला हाका मारून आणलं. जुना कारभारी योहान द विट आणि त्याचा भाऊ यांना हेगच्या रस्त्यावर जमावाने ठेचून मारलं. म्हणजे १६७३ मध्ये मुंबईच्या तोंडाशी डच जहाजं आली, तेव्हा तिकडे हाच पोरसवदा विल्यम राष्ट्राचा सेनापती होता.

जून १६८८ मध्ये जेम्सला मुलगा झाला आणि सगळा हिशेब उलटला. आजवर मेरी वारस होती. आता तिच्याहून सव्वीस वर्षांनी धाकटा भाऊ तिच्यापुढे गेला, कारण तो मुलगा होता. हे मूल राणीचं नाहीच, कुणीतरी लपवून आणून ठेवलंय, अशा कंड्या पिकल्या. इंग्लंडमधल्या सात बड्या माणसांनी विल्यमला गुप्त पत्र धाडलं. नोव्हेंबरात तो आरमार घेऊन टॉरबेला उतरला आणि सासरेबुवा फ्रान्सला पळाले. गादीवर मेरी बसणार आणि आपण नुसते राणीचे नवरे, हे विल्यमला मान्य नव्हतं. शेवटी दोघांनी मिळून राज्य करायचं ठरलं. मेरी आधी गेली तरी विल्यम मरेपर्यंत राजा राहील, यासाठी धाकट्या ॲनने आपला हक्क मागे घेतला. इंग्लंडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १३ फेब्रुवारी १६८९ ला हे जाहीर झालं.

त्या महिन्यात आपल्याकडे काय चाललं होतं ते पाहा. महिन्याच्या सुरुवातीला संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले होते. रायगडावर येसूबाईंनी स्वतःच्या लहान मुलाचा, शाहूंचा, हक्क बाजूला ठेवून राजारामांना पुढे केलं. ११ मार्चला संभाजी महाराजांची हत्या झाली. दोन गाद्या, दोन खंड, आणि दोन्हीकडे एका स्त्रीने आपल्या किंवा आपल्या लेकराच्या हक्काला मुरड घालून राज्य सावरलं. हा योगायोग मी जितक्या वेळा मनात आणतो, तितक्या वेळा अंगावर काटा येतो.

आणि मुंबईत? मुंबईत १६८९ मध्ये मुघलांच्या आरमाराचा सरदार सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला होता. माझगाव गेलं, माहीम गेलं, इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. मुघलांशी भांडण उकरून काढणारा गव्हर्नर जॉन चाइल्ड १६९० च्या फेब्रुवारीत वारला. दीड लाख रुपये दंड भरून कंपनीने औरंगजेबाची माफी मागितली, तेव्हा कुठे त्या जूनमध्ये सिद्दी हलला. राजा बदलल्याची बातमी केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिन्यांनी पोचायची. शिवडी-परळच्या कोळ्या-कुणब्यांना आपल्या बेटाचा मालक आता हेगमध्ये जन्मलेला आहे, हे कळायचं काही कारणच नव्हतं.

तरीही ते नाव इथे उमटलं, चांदीवर. रुपये पाडायची परवानगी मुंबईच्या टांकसाळीला १६७६ पासून होती. १६९० नंतरच्या काही वर्षांत तिथे जो रुपया पाडला गेला, तो वरवर पाहिला तर अस्सल मुघल रुपया वाटतो: साधारण तोळाभर चांदी, जाडसर गोल आणि दोन्ही बाजूंना वळणदार फारसी अक्षरं. जिथे बादशहाचं नाव असायला हवं, तिथे मात्र फारसीत राजा विल्यम आणि राणी मेरी यांची नावं आहेत. फारसी लिपीत, हिंदुस्थानी वजनात, डच माणूस, मुंबईच्या टांकसाळीतून! सतराव्या शतकाचं अख्खं जग त्या एका तोळ्यात दाटलेलं आहे.

नाणं कुणाच्या नावाचं, राज्य त्याचं. औरंगजेबाला हे झोंबलं. खाफीखान हा मुघल इतिहासकार स्वतः मुंबईत येऊन इंग्रज अंमलदाराला भेटला होता आणि त्याने ती भेट लिहून ठेवली आहे. स्वतःच्या राजाच्या नावाचा रुपया का पाडता, या प्रश्नावर अंमलदाराचं उत्तर होतं ते पक्क्या व्यापाऱ्याचं: आम्हाला दरवर्षी मायदेशी पैसा धाडावा लागतो, तुमची नाणी वजनाला कमी आणि हिणकस, देण्याघेण्यात तंटे होतात, म्हणून आमच्या हद्दीपुरतं आमचं नाणं चालवतो. सार्वभौमत्वाबद्दल चकार शब्द नाही.

मेरी १६९४ च्या अखेरीस देवीनेच गेली. विल्यम १७०२ मध्ये घोड्यावरून पडला आणि त्या दुखण्यातून उठला नाही. मूलबाळ नव्हतं. इंग्लंड आणि मुंबई ॲनकडे गेली. त्याच्या दोन वर्षं आधी सिंहगडावर राजाराम महाराज वारले होते. आता दोन्ही घराण्यांत वाटण्यांचे वाद सुरू झाले: इकडे ताराबाई आणि शाहू, तिकडे फ्रिसलंडचा चुलत घराण्यातला योहान विल्यम फ्रिसो आणि प्रशियाचा राजा. ऑरेंज संस्थान तर फ्रान्सने गिळलं होतं; उरला होता तो नुसता किताब आणि जमीनजुमला. १७११ च्या जुलैत फ्रिसो याच वाटणीच्या बोलणीसाठी हेगला निघाला. मूरडाइकला रुंद खाडी ओलांडायची होती. पाऊस होता म्हणून तो तरीवरच्या आपल्या घोडागाडीतच बसून राहिला. वाऱ्याच्या झोतात तर कलली आणि तो बुडाला. वय तेवीस. दीड महिन्याने त्याच्या विधवेला मुलगा झाला, त्याचंही नाव विल्यम, म्हणजे बापामागे विल्यम जन्मण्याची या घराण्यातली ही दुसरी वेळ. आपल्याकडचे सवाई माधवराव असेच, नारायणरावांच्या खुनानंतर पुरंदरावर जन्मलेले आणि चाळिसाव्या दिवशी पेशवे झालेले.

छत्रपतींच्या घरातला वाद १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटला, सातारा आणि कोल्हापूर वेगळे झाले. ऑरेंजचा वाद पुढच्याच वर्षी, १७३२ मध्ये, वाटणीच्या तहाने मिटला: मालमत्ता विभागली आणि किताब दोघांनी लावायचा ठरलं. १७४७ मध्ये स्टाटहाउडरपद उघडपणे वंशपरंपरागत झालं, मुलींच्या बाजूनेही. पुढचं भराभर सांगण्यासारखं आहे. १७९५ मध्ये फ्रेंच आल्यावर पाचवा विल्यम मासेमारीच्या होडीतून इंग्लंडला पळाला आणि त्याचा मुलगा १८१५ मध्ये राजा झाला. पेशवे राजे कधीच झाले नाहीत. तीन वर्षांनी त्यांचं पदच गेलं. १८९० मध्ये डच घराण्यात दहा वर्षांची विल्हेल्मिना एवढी एकच वारस उरली. नेदरलंड्सने तिला राणी मानलं, लक्झेंबर्गने मात्र मुलीला गादी नाकारून दूरचा पुरुष नातलग शोधला. विल्हेल्मिना, युलियाना आणि बेआट्रिक्स अशा सलग तीन राण्यांनी १८९० पासून २०१३ पर्यंत राज्य केलं आणि तिघींनीही हयातीतच गादी सोडून पुढच्या पिढीला दिली. आज ऑरेंजचा किताब आमालिया या राजकन्येकडे आहे, विल्यमच्या नावासाठी हट्ट धरणाऱ्या त्या सासूबाईंच्याच नावाची.

१९८३ च्या डच राज्यघटनेने नियम केला की थोरलं अपत्य हाच वारस, मुलगा असो वा मुलगी. हा नियम १६८८ च्या इंग्लंडला लावून पाहिला की मन चक्रावतं. भाऊ जन्मला तरी मेरीचा पहिला हक्क अढळ राहिला असता. जेम्सची सद्दी संपेपर्यंत थोडं थांबा, असं म्हणून बडे लोक गप्प बसले असते आणि ते पत्र कदाचित गेलंच नसतं. पण जेम्स जगला १७०१ पर्यंत आणि मेरी त्याच्या जवळजवळ सात वर्षं आधी गेली. मग गादी सरळ ॲनकडे आली असती, आणि विल्यम आयुष्यभर डचांचा स्टाटहाउडरच राहिला असता.